मिस्टर वोंद्रांचं अकाली निधन

३ मार्च
नकार. चौदाच्या चौदा मेडिकल कॉलेजांचा. सलग तिसरं वर्ष. खचलेलो नाही.
जेवताना बाबा म्हणाले, ग्रेडी, आता बास. घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचा आपला धंदा काय वाईट आहे? आयोवात हिवाळा दरवर्षी न चुकता येतो, तुझं पत्र काही येत नाही. आई म्हणाली, लायल, पोराला घास तरी गिळू दे.
तह झाला. एकच शेवटची संधी. डिसेंबरपर्यंत प्रवेश नाही मिळाला, तर बाबांच्या गाडीत बसायचं, कायमचं.

५ मार्च
कॉलेजच्या ऑफिसात फोन. पुन्हा अर्ज करणाऱ्यानं हा फोन करायचाच असतो: माझं काय चुकलं? बाई गोड होत्या. म्हणाल्या, मार्क ठीक आहेत, पण तुमच्या अर्जात पेशंट कुठेच दिसत नाही. निबंधात ‘मी’ मात्र एक्केचाळीस वेळा आलाय.
म्हणजे मोजून वाचलाय! शुभशकुन.
संकल्प: पेशंट मिळवणे.

१२ मार्च
मेपल कोर्ट वृद्धाश्रमात स्वयंसेवक झालो. माझ्या वाट्याला मिस्टर वोंद्रा. वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस वर्षं ओट्सच्या गिरणीत, मागेपुढे कुणी नाही. हृदय पार थकलेलं. कॅरोलीन नर्स हळूच म्हणाली, उन्हाळा बघतील असं वाटत नाही.
वाईट वाटलं. निबंधाच्या दृष्टीनं मात्र... नको. असला विचार मनातसुद्धा आणायचा नाही.
आणला.

२ एप्रिल
वोंद्रांशी भावनिक नातं जुळेना. त्यांना फक्त रमी खेळायची असते, आणि जिंकायची. आज धीर करून विचारलं, मरणाबद्दल काय वाटतं? म्हणाले, डॉक्टर, पान टाक.
मला डॉक्टर म्हणतात. आदरानंच असणार.

२७ मे
उद्यापासून अर्ज घेणार. जागा येतील तशा भरत जातात, म्हणून पहिल्याच दिवशी पाठवणं शहाणपणाचं. मागच्या वर्षी ऑक्टोबर उजाडला होता, कारण निबंधाचा एकोणतिसावा खर्डा चालू होता.
दुपारी वोंद्रांना धाप लागली. हॉस्पिटलात नेलं. कॅरोलीन रडत होती, म्हणाली, गेले रे आपले म्हातारबाबा. म्हणजे अजून गेले नव्हते, पण तिच्या बोलण्याचा रोख तोच होता. भेटायला जायला हवं होतं. पण निबंधाला इतके दिवस शेवट नव्हता. आता मिळाला.

२८ मे, सकाळी ९:३१
अर्ज गेला. निबंधात वोंद्रा माझा हात धरतात, दोन शब्द बोलतात आणि डोळे मिटतात. लिहिताना रडू आलं. खरंखुरं.
एकदा पाठवला की निबंधातलं एक अक्षरही बदलता येत नाही. बदलायचंय कुणाला!

६ जून
वोंद्रा परत आले. पेसमेकर बसवलाय. जेवणात दोन वाडगे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि वर दालचिनीचा रोल. तोही माझ्या वाटचा.
आनंदाची बातमी आहे. आनंदाचीच आहे.

७ जून
अर्जाच्या हेल्पलाइनला फोन. निबंधात बदल होईल का? नाही. अगदीच महत्त्वाचा असला तर? म्हणजे कसला, असं विचारलं. फोन ठेवला.
शांतपणे विचार केला. माणूस कधी ना कधी जातोच. निबंध खोटा नाही. जरा लवकर आहे, इतकंच.

१९ जुलै
कॉलेजांकडून पुढचा प्रश्न: मागच्या अर्जानंतर तुमच्यात काय बदल झाला? लिहिलं, शोक पचवायला शिकलो. पाठवलं आणि रमी खेळायला गेलो. हरलो. वोंद्रांच्या तोंडावर हल्ली माझ्यापेक्षा जास्त तेज आहे.
घरी आलो तर तळघरात माझ्या खाटेवर नवा कामाचा शर्ट. खिशावर ‘ग्रेडी’ शिवलेलं. बाबा म्हणाले, कापड चांगलंय, आटत नाही. खोलीला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली.

११ सप्टेंबर
इंटरव्ह्यू!! एका कॉलेजचा. तीन वर्षांत पहिला. आईनं मिठी मारली आणि गल्लीभर फोन केले. बाबा माझे काळे बूट घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि चकचकीत करून आणले.

९ ऑक्टोबर
इंटरव्ह्यू घेणाऱ्या डॉ. लिंडक्विस्ट बाईंनी निबंध हातातच धरला होता. डोळे भरलेले. अंत्यविधीला गेला होतास का, म्हणाल्या. एकदा माणूस मारला की पोहोचवायलाही जावं लागतं. गेलो होतो म्हणालो. पाऊस होता म्हणालो.
तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. प्रवेश पक्का.

१३ नोव्हेंबर
ईमेल. निबंधात वर्णन केलेली घटना घडलेलीच नाही असं आढळलं, अर्ज रद्द. यापुढे कुठेही अर्ज केला तर हे प्रकरण आपणहून लिहून द्यायचं.
आईला सांगितलं, जागा भरल्या. ती म्हणाली, त्यांचंच नुकसान. तिच्याकडे बघवेना.

१४ नोव्हेंबर
मेपल कोर्टला गेलो. वोंद्रांच्या टेबलावर लिलीच्या फुलांचं कार्ड. ‘वोंद्रा कुटुंबीयांस, आपल्या दुःखात सहभागी आहे.’ खाली डॉ. लिंडक्विस्ट, फोन नंबरसकट. मयताच्या घरी कार्ड पाठवायचं, ही आमच्याकडची रीतच. निबंधात मेपल कोर्टचं नाव होतं, म्हणून ते इथे आलं; कुटुंबीय कुणीच नाहीत, म्हणून इथल्या ऑफिसनं ते वोंद्रांनाच दिलं. आणि त्यांनी फोन केला. म्हणाले, कार्ड आलं की आभार मानायचे, आईची शिकवण. बाईंनी नाव दोनदा विचारून घेतलं.
मी वोंद्रांची माफी मागितली. लाज वाटली. एवढं साधं वाक्य या वहीत पहिल्यांदाच लिहितोय. ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. ‘तुझ्या निबंधात मरताना मी काय म्हणालो?’ एवढंच विचारलं.
सांगितलं: ‘पोरा, तू फार चांगला डॉक्टर होशील.’
त्यांनी नीट विचार केला. म्हणाले, छे, असं मी म्हणणं शक्यच नाही. मग पत्ते माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, वाट.