उजव्या बाजूचा खटका

प्रिय शेल्बी,

शनिवारी दुकानातून निघताना तू म्हणालीस, “मावशी, त्या तीन पिस्तुलांतलं कुठलं घेऊ ते एकदा नीट विचार करून सांग ना,” आणि मी म्हटलं, लिहूनच देते. त्यावर तुझा ट्रॅव्हिस म्हणाला, “अहो मावशी, फोन कशाला असतो मग?” मी म्हटलं, फोनवर मला धड काही सुचत नाही. हे साफ खोटं आहे. फोनवर मला नको तितकं सुचतं, गावात कुणालाही विचार. पण हल्ली तुला फोन केला की माझाच आवाज मला घुमून ऐकू येतो आणि तुझ्यामागे कुणीतरी खाकरतं. म्हणून हे पत्र. तुझे केस धुऊन झाल्यावर ओपलने ते तिच्या पार्लरमधल्या मासिकात घालून तुझ्या हातात दिलं असेल. ते मासिकातच ठेवून वाच. कुणी विचारलंच, तर ग्लेंडामावशीने पीच कॉबलरची कृती लिहून दिलीय म्हण. माझ्या कॉबलरची कृती इतकी लांबलचक असणार, यावर कुणाचाही विश्वास बसेल.

आधी पिस्तुलांचं बोलू, कारण विचारलंस ते तेच. तिन्ही नाइन्टीन इलेव्हन, म्हणजे घडण तीच, शंभर वर्षांपूर्वीची, तुझ्या पणजोबांनी पहिल्या महायुद्धात कमरेला लावलेली. माझा रॉय, तुझा रॉयकाका, दुरुस्तीला बसायचा तेव्हा म्हणायचा, याच्यात सुधारणा करायला गेलेला प्रत्येक शहाणा शेवटी माझ्याच टेबलावर तुकडे घेऊन येतो. किमती तिन्हींच्याही सातशे-आठशे डॉलरच्या आसपास. मला विचारशील तर हाच खरा टप्पा. याच्याखालची दुरुस्तीला परत येतात, आणि याच्या दुप्पट किमतीची लोक मखमलीत गुंडाळून ठेवतात, ओरखडा पडेल म्हणून हातही लावत नाहीत. तसं पिस्तूल घेण्यापेक्षा चिनी मातीची बाहुली घ्यावी.

पहिलं दाखवलं ते फिलिपाइन्सचं. दिसायला अगदी ओबडधोबड, शेतावरच्या अवजारासारखं. पण कुठलीही गोळी घाला, कुरकुर करत नाही. त्याचा चाप आखूड आहे आणि मुठीची मागची बाजू जुन्या पद्धतीची, फुगीर. दुसरं इलिनॉयच्या कारखान्यातलं. त्याच्या मुठीचं अक्रोडाचं लाकूड बघून पुरुष खुळे होतात. नवं असताना आवळ असतं, चार-पाच डबे गोळ्या झाडल्या की सुतासारखं चालतं. तिसरं ते काळं. लांब चाप, मुठीची मागची बाजू सपाट, नेम धरायला तीन पांढरे ठिपके, आणि सुरक्षेचा खटका दोन्ही बाजूंना. बाकी दोन्हींना तो फक्त डाव्या अंगाला आहे, उजव्या हाताचा अंगठा पडतो तिथे. तिन्हींत वाईट एकही नाही. कुठलं चांगलं हे ते कुणाच्या हातात जाणार यावर ठरतं, आणि मला नेमकं तेच कळेनासं झालंय.

पहिली दोन तू हातात घेतलीस आणि खाली ठेवलीस, कोबीचे गड्डे ठेवावेत तशी. त्या अक्रोडाच्या लाकडाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तुझं सगळं लक्ष तिसऱ्याकडे. “मावशी, चाप लांब आहे ना? मागची बाजू सपाट आहे ना? खटका दोन्हीकडे आहे ना?” शाळेच्या नाटकात तू तुझी वाक्यं अशीच म्हणायचीस, मध्येच कुणी अडवलं तर पहिल्यापासून. मी मुद्दाम अडवलं. म्हटलं, अगं, सपाट कशाला हवी? तू खिडकीकडे पाहिलंस आणि पुन्हा चापापासून सुरुवात केलीस.

पोरी, तुझे हात तुझ्या आईचे आहेत. डॉटी गेल्यावर तिचे चर्चला जायचे हातमोजे तुला दिले, ते तुला अगदी बरोब्बर बसले. रॉयकाकाने तुला तळ्यामागे घेवड्याचे रिकामे डबे मांडून शिकवलं ते माझ्या छोट्या रिव्हॉल्व्हरवर. काकाचं पिस्तूल एकदा हातात दिलं तर म्हणालीस, “नको बाई, हे मला घेऊन पळेल.” डबे मात्र सगळे पाडलेस. तुझे मावसभाऊ तोंड पाडून घरी गेले होते. आता तीच तू म्हणतेस, मला ते काळं हवं. म्हटलं, बघूया.

मी ते रिकामं करून, दोनदा तपासून तुझ्या हातात दिलं. तू चाप ओढलास. काहीच झालं नाही. पुन्हा ओढलास, पुन्हा काही नाही. या पिस्तुलाच्या मुठीमागे एक पट्टी असते, तळव्याने ती दाबली गेल्याशिवाय घोडा पडतच नाही. लांब चापापर्यंत बोट पोचवायला तुला पंजा इतका फिरवून धरावा लागत होता की तळवा पट्टीवरून सुटत होता. तुला ते चालवता येत नव्हतं, शेल्बी. आणि तू ते खाली ठेवून, गोड हसून म्हणालीस, “छान आहे. हेच घेते.” जन्म गेला माझा या काउंटरमागे. हट्टी गिऱ्हाइकं पाहिली, खुळी पाहिली, प्यालेली पाहून दाराबाहेर काढली. पण आपल्याला न चालणारं पिस्तूल छान आहे म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं.

इथपर्यंत वाचून तुझा चेहरा बदलला असेल तर सावर. ओपलच्या आरशातून रस्त्यावरची खिडकी दिसते, म्हणजे खिडकीतूनही आरसा दिसत असणार. जरा हस. ओपलला काहीतरी विचार. ती बडबडायला लागली की बाहेरून सगळं रोजच्यासारखंच दिसतं.

आता ट्रॅव्हिसचं. तो सगळा वेळ आपल्याकडे पाठ करून मासेमारीची आमिषं बघत होता. ईस्टरच्या जेवणात मी त्याला तळ्यावर गळ टाकायला चल म्हटलं होतं, तेव्हा म्हणाला होता, मावशी, मला माशांचा वाससुद्धा सहन होत नाही. त्याच जेवणात तो माझ्या शेजारी बसला आणि त्याचं डावं कोपर सारखं माझ्या ताटात. माझी तळलेली भेंडी दोनदा जमिनीवर गेली. मी म्हटलं, बाबा रे, तू टेबलाच्या कोपऱ्यावर बस. सगळे हसले, तोही हसला, आणि पूर्ण जेवण होईपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलला नाही. तुझ्याशी का, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

शनिवारी घोडा दुसऱ्यांदाही पडला नाही तेव्हा तो वळला. तू हूं की चूं केलं नव्हतंस. तरी तो वळला, म्हणजे आमिषं बघणाऱ्या माणसाचे कान इकडेच होते. “अहो मावशी, होईल तिला सवय. बायकांना आधी सगळंच जड वाटतं. आण गं इकडे, दाखवतो.” त्याने ते डाव्या हातात घेतलं. त्याचा अंगठा उजव्या बाजूच्या खटक्यावर असा पडला, जसा माणूस अंधारातही आपल्या घराच्या कडीवर हात टाकतो. त्याला शोधावं लागलं नाही. चाप बोटाच्या पेरावर नेमका, मूठ तळव्यात घट्ट, आणि घोडा टक्कन पडला. मग त्याला दिसलं की मी बघतेय, आणि त्याने पिस्तूल उजव्या हातात घेतलं. डावखुरा माणूस डावखुरा असल्याचं लपवायला लागला की काय समजायचं, ते मला कुणी शिकवायला नको.

तुला फॉर्म दिला. त्यात विचारतात, ही खरेदी तू स्वतःसाठी करतेयस ना? दुसऱ्या कुणासाठी घेत असून हो लिहिलं तर घेणाऱ्याला तुरुंग आहे, हे मी दुकानाच्या दारावर पाटी लावून सांगितलंय. त्या प्रश्नावर तुझं पेन थांबलं. तू पुन्हा खिडकीकडे पाहिलंस, तो तोवर बाहेर गाडीत जाऊन बसला होता. मी फॉर्म तुझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हटलं, कॉम्प्युटर बंद पडलाय, गिऱ्हाइकाच्या जुन्या गुन्ह्यांची सरकारी तपासणी होत नाही, गुरुवारनंतर या. कॉम्प्युटर ठणठणीत होता, शेल्बी. तुझं नाव घातलं असतं तर त्याने लगेच हो म्हटलं असतं. मला भीती वाटली ती त्या ‘हो’ची.

आणखी एक सांगते. आमच्या धंद्यात रीत आहे, त्या तपासणीत कुणाला नकार आला की आजूबाजूच्या दुकानदारांना फोन जातो. कायद्यात ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. तू यायच्या आधीच्या आठवड्यात पलीकडच्या गावातल्या लॉइडचा फोन आला होता. “ग्लेंडाबाई, एक डावखुरा आला होता. उंच, बोलायला गोड. दोन्हीकडे खटका असलेलं, लांब चापाचं मागत होता. मशीनने नाही म्हटलं तर माझ्याच अंगावर धावून आला. आता हा बायकोला पाठवेल बघा, मी लिहून देतो.” मी म्हटलं, माझ्याकडे येऊ दे तर खरं. मला काय माहीत, ती बायको तू असशील.

मशीन का नाही म्हणतं ते आम्हाला कळवत नाहीत. पण कशाकशासाठी म्हणतं, ते आम्हाला पाठ आहे. माणसाला मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असते, नाहीतर त्याने घरच्या बाईवर हात उचललेला असतो. आर्कान्सासमधल्या पहिल्या बायकोबद्दल तो इतकंच सांगतो ना, की ती डोक्याने ठीक नव्हती?

मी संशयी बाई आहे, हे मला कबूल आहे. मेथडिस्टांच्या पाद्र्यावर मी नाताळच्या हॅमच्या सोडतीवरून संशय घेतला होता, आणि तो बिचारा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ निघाला. आजही तो मला बघून रस्ता बदलतो. तेव्हा माझं चुकतही असेल. उजव्या हाताने चालवणाऱ्या काही लोकांनाही दोन्हीकडचा खटका आवडतो. असेलही. पण मग जुलैच्या काहिलीत तू लांब बाह्या का घालून आलीस? काउंटरवर हात पुढे केलास तेव्हा डावी बाही वर सरकली आणि तू ती कसली झटक्यात खाली ओढलीस. धान्याच्या दुकानातली नोकरी तुला आवडायची, ती का सोडलीस? तुझी स्वतःची गाडी विकली कुणी? रविवारी जेवायला येत नाहीस, भेंडी तळून मी एकटी खाते आणि छातीत जळजळ घेऊन बसते. आणि प्रश्न विचारला की उत्तराआधी तू हसतेस, हे कधीपासून? तू रडकी होतीस गं, पण खोटी हसरी कधीच नव्हतीस. मला त्या हसण्याची फार भीती वाटते. तुझ्या घरात ते पिस्तूल गेलं, तर ते कुणाकडे रोखलं जाईल याचा विचार करत मी शनिवारपासून धड झोपलेली नाही.

तेव्हा तिन्हींतलं कुठलं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की एकही नाही. ते काळं माझ्या तिजोरीत आहे आणि तिथेच राहील. आता नीट वाच. गावात एवढी एकच जागा आहे जिथे तो तुझ्या मागोमाग आत येत नाही, कारण केसांच्या औषधाच्या वासाने त्याचं डोकं उठतं, असं तूच ओपलला सांगितलंस. तो पुढच्या रस्त्यावर गाडीत बसलाय. ओपलने आज फक्त केस धुतलेत, रंग कालवलेलाच नाही, आणि तू हे वाचून संपवेपर्यंत कालवणार नाही. टॉवेलांच्या कपाटाशेजारचं दार मागच्या गल्लीत उघडतं. पर्स घ्यायला वळू नकोस, ती खिडकीसमोर आहे. शेरीफकडे जायचं की आधी माझ्या किचनमध्ये बसून रडायचं, ते रस्त्यात ठरवू. मी चुकले असेन, तर केस रंगवून घे आणि पुढच्या दाराने जा, मी रागावणार नाही. आणि मी बरोबर असून आज तुझे पाय उचलले नाहीत, तरीही रागावणार नाही. पुढच्या वेळी ओपलकडे येशील तेव्हा गाडी तिथेच असेल, त्याच्या पुढच्या वेळीही. केस ओलेच असू देत. सीटवर टॉवेल ठेवलाय.

मागच्या गल्लीत, इंजिन चालू ठेवून बसलेली,
तुझीच,
ग्लेंडामावशी