जागोजागी थांबणारी निळी गाडी

ती. मित्सुए ताईस,
धाकट्या चिझुरूचा वाकून नमस्कार.

इकडे डोंगराला नवी पालवी फुटली आहे, चहाची पहिली खुडणी चालू आहे आणि पहाटेची थंडी अजून बोटं आखडवते आहे. (पत्राची सुरुवात हवापाण्यानेच करायची, हे आईनं आपल्याला छडी दाखवून शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. तुझ्या खिडकीतून तोच डोंगर दिसतो हे मला ठाऊक आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? त्या नव्या मलमाने काही गुण आला का, की नुसता वासच? आम्ही दोघं खुशाल आहोत. यांच्या डाव्या डोळ्यापुढे अजून धुकं येतं, पण जेवताना ताटातला मोठा मासा कुठे आहे ते बरोबर दिसतं, त्यामुळे मी फारशी काळजी करत नाही.

आता झालं काय, की मार्चअखेर आमच्या गावातला पेट्रोल पंप बंद पडला. पंपवाले हामादासान एकोणऐंशी वर्षांचे आणि जमिनीखालच्या टाक्या त्याहून म्हाताऱ्या, म्हणून दोघांनी एकदमच निवृत्ती घेतली. आता जवळचा पंप एकवीस किलोमीटरवर. म्हणजे आमचा छोटा टेम्पो पेट्रोल आणायला जातो, आणि परत येईपर्यंत आणलेल्यातलं बरंचसं पिऊन बसतो. त्यातून त्याच्या पासिंगची मुदत मेअखेर संपते आणि गॅरेजवाल्यानं त्याच्याकडे बघून नुसते हात जोडले. गाडी नसली तर इथे राहता येत नाही, हे काय मी तुला सांगायला हवं? बाजार नऊ किलोमीटर खाली, आणि बस आठवड्यातून दोनदा, तीही ड्रायव्हरची तब्येत बरी असली तर. शुहेईनं लगेच ओसाकाहून फोन केला. "आई, आता पुरे झाला हट्ट. आठव्या मजल्यावर खोली तयार आहे. लिफ्ट आहे, खाली दुकान आहे. तुला इथे कमी काय आहे?" ताई, कमी काहीच नाही. मी ती खोली बघून आले आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी, आणि तिथे असंच एक म्हातारं जोडपं बसलेलं. आम्ही चौघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. मग दुपारभर करण्यासारखं काही उरलं नाही.

तर मी शुहेईला सांगितलं की मी एक जुनी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेणार, घरच्या विजेवर चालणारी, म्हणजे पंपाशी संबंधच नको. तो हसला. (आपल्या पोटचं पोर हसलं की किती राग येतो, हे तुला मुलं नसल्यामुळे कळायचं नाही, सुखी आहेस.) शेवटी असं ठरलं: गाडी मेअखेरच्या आत घ्यायची, आणि त्या गाडीनं मी एकटीनं चालवत बाबांना तुझ्या गावच्या डोळ्यांच्या इस्पितळात न्यायचं आणि त्याच दिवशी घरी परत आणायचं. जमलं तर तो पुन्हा ओसाकाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर जूनमध्ये सामान बांधायचं. त्याने मला हे दोनदा म्हणायला लावलं, लहानपणी मी त्याला पाढे म्हणायला लावायची तसं.

चालवायचं मीच, कारण यांनी गेल्या वर्षी लायसन परत केलं. (टेम्पो कोठारात नेताना हे दाराच्या बाजूनं न जाता भिंतीच्या बाजूनं गेले. भिंत तिथे पन्नास वर्षं होती, पण यांचं म्हणणं ती त्या दिवशी पुढे सरकली होती.) तरी गाडी निवडायला हे आलेच. चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत मोजमाप केलेला माणूस तो. आपल्या घराची वाट, एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला पर्सिमनचं झाड, यांनी मोजली, तेवढ्या लांबीचा बांबू तोडला, आणि तो खांद्यावर टाकून आम्ही जुन्या गाड्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदार यानासेसानना आधी वाटलं आम्ही कुंपण घालून द्यायला आलो आहोत. बिचारा प्रत्येक गाडीची बॅटरी, टायर, आधीचा मालक, सगळं वाकून वाकून सांगत होता, आणि हे काही न ऐकता बोनेटला बांबू आडवा लावून "बसत नाही" म्हणत पुढे जात होते. एका डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी मला इतकी आवडली होती की मी हळूच बांबूचं टोक पुढे ओढलं. पण यांच्या उजव्या डोळ्याला सगळं दिसतं. शेवटी दोनच गाड्या बसल्या. एकीत बसायची जागा एकच. (यानासेसान म्हणाले, "काकू, काकांना मागे टपावर बसवता येईल." मला विचार करावासा वाटला.) दुसरी ही निळी.

निळी आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवायची. म्हणून आत अजून मुळ्याच्या लोणच्याचा वास आहे, आणि घाटात खिडकी बंद केली की भूक लागते. बॅटरीच्या बारा घरांपैकी सातच उरली आहेत, म्हणजे पूर्ण भरली तरी नवीच्या निम्म्याहून जरा जास्त, एवढीच धावते. यानासेसाननी ते लपवलं नाही. उलट आठवडाभर चालवून बघा, मग सांगा म्हणाले. आम्ही ती घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी बाजारात गेलो. ताई, उतारावर अशी गंमत! निघताना काचेखालच्या आकड्यात अठरा किलोमीटर उरलेले, आणि नऊ किलोमीटर उतरून खाली पोचलो तर बावीस. यांनी मला विचारलं की तू वाटेत कुठे भरलीस. उतारावर ती आपली आपण वीज करते हे मी समजावलं, तर म्हणाले, मग बाजारात रोजच यायचं, फुकट आहे. आता रात्रभर प्लगला लावूनही सकाळी अठराच का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण झोपण्यापूर्वी घरातला प्रत्येक प्लग उपटून ठेवायची यांची जुनी सवय आहे, आग लागू नये म्हणून, आणि गाडीचाही प्लग हे घरातलाच समजले.

मग आम्ही तीस किलो तांदूळ, खारवलेले मासे आणि हे, असं सगळं घेऊन घाट चढायला लागलो. आकडा असा वितळायला लागला की मी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं. आणि एकाएकी काचेखाली एक छोटंसं पिवळं कासव उजळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कासव म्हणजे दीर्घायुष्य. यानासेसाननी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी किती विचार करून ते बसवलं असेल! हेही गंभीर झाले. म्हणाले, "सत्तरीच्या पुढच्यांनाच लागत असेल." आम्ही दोघांनी बसल्या जागी मान लववली. गाडीही आमच्या वयाचा मान राखून हळू झाली, मग आणखी हळू झाली, एक फुलपाखरू आमच्या पुढे निघून गेलं, आणि घर दोन किलोमीटरवर असताना ओकामुरासानच्या फाटकासमोर ती उभीच राहिली. यानासेसानना फोन केला तेव्हा कळलं की कासव म्हणजे बॅटरी संपत आली. त्यांना हसू आवरेना. आम्ही मान लववली होती ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता ओकामुरासान कसे आहेत ते तुला माहीत आहे. बायको गेल्यापासून हा माणूस बाहेरच येत नाही. पण त्यांनी भाताच्या कुकरची पिन काढून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर दिली, दोन तास चहा पाजला, आणि आम्ही वाटेला लागलो. आता दुसऱ्याची दोन तासांची वीज फुकट घेऊन कुणाला झोप येईल? दुसऱ्या दिवशी हे युझू लिंबाच्या रसाची बाटली घेऊन परतफेडीला निघाले, अर्थात गाडीतून, अर्थात मीच चालवत. दारात गाडी बघितल्यावर चार्जिंगला लावा म्हणणं ओकामुरासानना भाग, आणि नको म्हणणं आम्हाला शोभेना. निघताना त्यांनी बांबूचे कोवळे कोंब दिले. म्हणजे आता कोंबांचीही परतफेड आली आणि नव्या विजेचीही. शुक्रवारपर्यंत ही गोष्ट त्सुबोई आजींच्या कानावर गेली, आणि त्या रस्त्यात मधोमध उभ्या राहिल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला वळसा घालून जाता येत नाही. "ओकामुराकडे थांबता, आणि माझ्या दारावरून असेच जाता? माझी वीज काय शिळी आहे?" मग त्यांच्याकडेही लावली. त्यांचं सॉकेट आतल्या खोलीत, तेव्हा वायर नवऱ्याच्या फोटोसमोरून गेली, आणि त्यांनी आधी फोटोची माफी मागितली. गाडीला वीज पुरावी म्हणून टीव्ही बंद केला, फ्रीज बंद केला, आणि अंधारात आम्हाला सोयाबीनचे गोड लाडू खायला घातले. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "उद्या पण संपव हं बॅटरी." मला इतकं भरून आलं की मी हो म्हणून बसले.

आता बाजारात जाऊन यायला सकाळचे नऊ ते दुपारचे तीन लागतात. टेम्पोनं चाळीस मिनिटं लागायची, पण त्या चाळीस मिनिटांत आम्ही बावीस वर्षं सगळ्यांच्या दारावरून नुसता हात हलवत गेलो. आणि आमचे हे, जे वखार सुटल्यापासून दिवसाला तीन वाक्यं बोलायचे (त्यातली दोन जेवणाबद्दल), ते ओकामुरासानबरोबर बसून त्यांचं दार नीट करून देतात. ओकामुरासान परवा हसले. मी स्वतः ऐकलं.

आठवडा संपला आणि आम्ही यानासेसानकडे गेलो, तर त्यांनी आनंदानं सांगितलं की कालच एक गाडी आली आहे, तशीच, त्याच किमतीत, पण बॅटरीची अकरा घरं शाबूत. यांनी बांबू लावला. दोन बोटं जागा सोडून बसली. मी गाडीत बसलेसुद्धा. यानासेसान म्हणाले, "काकू, आता कुठ्ठे थांबायला नको." यांनी बांबू पुन्हा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "मग त्सुबोई आजींना काय सांगायचं?" यानासेसानना वाटलं त्या यांच्या आई. मी गाडीतून उतरले. ताई, मी निळी घेतली. मूर्ख म्हण, पण लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आणि हा माणूस मला पहिल्यांदाच शहाणा वाटला.

तर अशी सगळी आनंदवार्ता आहे. सोबत चहाची नवी पत्ती पाठवली आहे. गुडघ्यांना जप.

तुझी धाकटी,
चिझुरू

ता. क. पत्तीची परतफेड मुळीच पाठवू नकोस. त्याऐवजी एक लहानसं काम आहे. वायरमनला बोलावून तुझ्या बाहेरच्या भिंतीवर एक सॉकेट बसवून घे. बुधवारच्या आत.

ता. क. दुसरं. यांच्या डोळ्याची तपासणी गुरुवारी नऊला आहे. इस्पितळात चार्जिंगची सोय नाही. तुझ्या घरापर्यंत सत्तावीस किलोमीटर, बहुतेक उतारच, म्हणजे आम्ही रुबाबात पोचू. परतीचा मात्र सगळा चढ, तेव्हा पूर्ण भरल्याशिवाय निघता येणार नाही, आणि तुझ्या घरच्या विजेवर भरायला सात तास लागतील. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त शुहेईला मी एवढंच सांगितलं आहे की गाडी फार छान आहे.

ता. क. शेवटचं. तो गुरुवारी दुपारी तुला फोन करणार, आणि आई अजून तिथेच का, म्हणून विचारणार. बॅटरीचं काही बोलू नकोस. सांग की मीच तिला सोडलं नाही. दर वेळी इस्पितळातून मी तुझ्या दारात येते, वीस मिनिटं उभ्यानं बोलते आणि अंधार पडायच्या आत म्हणून पळते. आपण दोघी सात तास एकत्र बसलो त्याला किती वर्षं झाली ते मला आता आठवतही नाही. तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल अशी भीती बाळगू नकोस. खरंच सोडू नकोस मला.