ओरखडे बुजवल्याबद्दल

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून लिहूनच पाठवते.

सुट्टीत आपल्या दुकानातल्या मागच्या फळीवर मी जे ठेवून आले होते, ते बिघडलेलं नव्हतं, बाबा. तो माझा डिझाइनच्या वर्गाचा प्रकल्प होता. तीनशे वर्षांनी चंद्रावर वस्ती झाली, तर तिथल्या भिंतींतून हवा कुठे गळते ते शोधणाऱ्या कामगाराचं यंत्र. जुन्या हेअर ड्रायरचं धड, शॉवरची चाळणी, रिमोटची बटणं, असं जमवून केलेलं. अट एकच, वस्तू हातात घेतली की ती वापरणारा माणूस कळला पाहिजे. म्हणून मी दोन आठवडे बसून त्यावर ओरखडे काढले, पोचे पाडले. तुम्हाला फक्त चिकटवलेलं वाळलं की पाठवा म्हटलं होतं. तुम्ही लांबी भरून सगळे ओरखडे बुजवलेत, वर हिरव्या रंगाचे दोन चकचकीत हात मारलेत, आणि कहर म्हणजे बटण दाबलं की आता पुढे दिवा लागतो.

वर्गात सगळ्यांनी विचारलं, कुठल्या दुकानातून आणलंस. पॉलिशपेपर घेऊन घासत बसले तर साधा चराही पडेना, मशीनला मारायचा रंग ना तो. चोवीस तारखेला मॅडम तपासणार आहेत. यात नापास झाले तर अख्खं वर्ष परत करावं लागेल. यंत्र या पत्रासोबत परत पाठवते आहे. रंग तुम्ही मारलात, तुम्हीच उतरवा. आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

राग उतरेपर्यंत लोभ जरा बेताचाच समजावा.

तुमची खार

७ फेब्रुवारी

चि. खार हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीस वर्षं मी लोकांची ड्रिल मशीनं दुरुस्त करतो. माझ्या फळीवर खरचटलेली वस्तू दिसली तर मी ती नीट करणार, दुसरं काय करणार? चिठ्ठी लावायची होतीस. आणि बटण आहे तर दाबल्यावर काहीतरी व्हायला नको?

आता तुझ्या ओरखड्यांचं ऐक. ते तू काढलेस कुठे, तर पोटावर आणि पाठीवर, जिथे कुणाचा हात जात नाही. मूठ मात्र नवीकोरी. तो चंद्रावरचा गडी काम करत होता की यंत्राला खाजवत होता? झीज येते ती हात पडतो तिथे. गिऱ्हाइकाचं ड्रिल हातात घेतलं की मला कळतं, हा सुतार आहे की हौशी माणूस, की नुसता शेजाऱ्यांना उसनं देणारा.

रंग मी उतरवणार नाही. मी ते वापरणार आहे. दिवा लावलाच आहे, तर मशीनच्या पोटात डोकवायला बरा पडतो. हाताला पॉलिशची पेस्ट लावून दिवसभर उचलतो, ठेवतो. रंग कितीही चिवट असला तरी हळूहळू जातो. वीस तारखेच्या आत पाठवीन. तोवर डोकं थंड ठेव आणि आम्हांवर माया ठेव.

बाबा

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वीस तारीख म्हणजे अगदी गळ्याशी. तुम्हाला चेष्टा वाटते आहे का? इथे बाकीच्यांची कामं कधीच तयार झाली, आणि माझा प्रकल्प टॉर्च म्हणून कामाला लागलाय. आईचं पत्र आलं. म्हणते, तुम्ही जेवतानाही ते पाटाशेजारी ठेवता आणि कपाटाखालची कात्री त्याच्याच उजेडात शोधलीत. हात धुऊन जेवा, पेस्ट पोटात जाईल. मला आता काही सुचत नाही. पाठवा लवकर.

चिडलेली असले तरी तुमचीच,
खार

१९ फेब्रुवारी

चि. खार हिस,
आशीर्वाद.

सोबत यंत्र. परवा ते स्टुलावरून पडलं. मी पाडलं नाही. पोचा तसाच ठेवलाय, ठोकून सरळ करायला हात नुसता शिवशिवत होता. तपासून झालं की परत धाड, माझा जुना टॉर्च सापडत नाही. काळजी करू नकोस, असं तुझी आई सांगते. मी करतोच आहे.

बाबा

२५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल तपासणी झाली. तुमचा तो दिवा मॅडमनी लावूनसुद्धा पाहिला नाही. यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मुठीवर जिथे रंग गेलाय तिथे एकेक बोट ठेवत गेल्या. अंगठा बसला. मधलं बोट, त्याच्या शेजारचं, करंगळी, सगळी बसली. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या जागी मात्र रंग तसाच चकचकीत. त्या म्हणाल्या, या कामगाराला हे बोट नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या की इतक्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याला हे सुचलं नव्हतं, तुला कसं सुचलं?

बाबा, मला सुचलं नव्हतं. माझ्या तर लक्षातही आलं नव्हतं. दोन दिवस यंत्र माझ्या टेबलावर होतं आणि मी फक्त ते पुरेसं जुनं दिसतं की नाही, एवढंच बघत होते. मलाच सुचलं म्हणाले असते तर वर्गात पहिली आले असते. पण तोंडातून निघून गेलं, की ही झीज माझ्या वडिलांच्या हाताची आहे.

मॅडमनी यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाल्या, माणूस कळला, पण यात तुझं काम कुठाय? पास केलं नाही, नापासही नाही. आठ दिवस दिलेत. दुसरं यंत्र करायचं, आणि झीज माझ्या हाताची हवी. तुमच्यामुळे माझ्या डोक्याला हा एवढा ताप झालाय.

शनिवारी येते. दुकानात मला खरं काम द्या, नुसतं दिवा धरून उभं करू नका. आणि ते बोट कसं गेलं, ते विषय न बदलता सांगा. लहानपणापासून तो हात धरून चालले आणि एकदाही विचारलं नाही, याची काल सगळ्यांसमोर उभी असताना मला फार लाज वाटली.

भेटीपर्यंत लोभ आहे तसाच ठेवावा.

तुमची,
खार