धाकट्यानं आधी बोलायचं

अंबाला,
८ जानेवारी १९४५

तीर्थरूप बाबांच्या पायांवर इंद्रभानचं डोकं. मी खुशाल आहे. इथे थंडी मरणाची. आईला सांगा, तिळाचे लाडू पोचले. तुमचा खोकला कसा आहे?

गुरुजींकडून लिहवून घेतलेलं तुमचं पत्र मिळालं. रुख्मिणीला मागणी घालायला आलेल्या मालेगावच्या पाहुण्यांची माफी मागावी, नाहीतर रिठदचं घर विसरावं, असा तुमचा हुकूम. वर विचारलंत, "मोठ्याइच्या आंधी पोट्टी बोलते, हे कोन्या घरची रीत?"

ही आमच्या अमरसिंग साहेबांची रीत. साहेब इथल्या हवाई दलाच्या तळाचे प्रमुख होते. विमान उडवण्यात पटाईत, आणि वाचनाचं वेड इतकं की जेवतानाही ताटाशेजारी पुस्तक. रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून दिवसभराच्या चुका काढत. हुद्द्यानं सर्वांत धाकटा आधी बोलायचा, साहेब शेवटी. मोठा आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, म्हणायचे.

मी विमानं दुरुस्त करणारा मिस्त्री, म्हणजे सर्वांत धाकटा. पहिल्या दिवशी बोललो ते साफ चुकलं. वैमानिक हसले. साहेब म्हणाले, "आज हसलात, तर ज्या दिवशी याचं बरोबर असेल त्या दिवशी हा गप्प बसेल." त्यांच्या हाताखालचे अधिकारी जिथे जिथे बदलून गेले, तिथेही त्यांनी हीच रीत पाडली.

म्हणून दिवाळीच्या रजेत, सुपारी फुटायच्या आधी, मी घरातल्या सर्वांत धाकटीला, माझ्या बहिणीला, रुख्मिणीला आधी विचारलं. ती म्हणाली, "मले त्या घरी नाई जायचं." पाहुणे उठून गेले. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. गेल्या महिन्यात दिल्लीहून एक बडा साहेब आला आणि दाट धुक्यात विमानं काढा म्हणाला. अमरसिंग साहेबांनी त्याच्यासमोरही आधी मला विचारलं. मी नाही म्हणालो. शेवटी तेही नाहीच म्हणाले. विमानं निघाली नाहीत, पण साहेबांकडून तळ काढून घेतला. आता ते कुठल्याशा कचेरीत बसतात. 'साहेबांनी मला पढवलं' असं लिहून दे, म्हणून वरचे अधिकारी माझ्यामागे लागले. मी दिलं नाही. माझी बढती गेली.

बाबा, त्या बड्या साहेबाची माफी मी मागितली नाही. मालेगावकरांची कशाला मागू?

रुख्मिणीला पुन्हा त्यांच्यापुढे बसवलंत, तर रजा मिळो न मिळो, मी येईन. दार लावलंत तर ओसरीवर बसेन. आधी ती बोलेल. ती नाही म्हणाली, तर तिला इकडे घेऊन येईन.

दर पत्राखाली मी 'आपला आज्ञाधारक' लिहितो. आज ते खोटं होईल.

तुमचाच मुलगा,
इंद्रभान