विहिरीकडून आलेला बाण

२ फेब्रुवारी १९८२, मंगळवार
दुग्धधारा संघात इतकी वर्षं कारकुनी केली, तिचं आता चीज होणार. मॅनेजर गणपतरावांनी बोलावलं. महिनाअखेर गावोगावच्या दूध संस्थांचे चेअरमन सभेला येणार. म्हशीपासून ग्राहकाच्या पातेल्यापर्यंत दूध कसं जातं, त्याचा फ्लो चार्ट काढून पडद्यावर स्लाईड दाखवायची. जमलं तर प्रचार अधिकाऱ्याची नवी जागा माझी. स्वतंत्र टेबल, वर पंखा.
दारात हंबीरराव उभा होता. फील्डवरचा माणूस, ऑफिसात काय काम?
संकल्प : मोजक्या चौकटी. ठळक अक्षर. बाणांची गुंतागुंत नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार
हंबीररावानं माझ्या कागदात डोकं खुपसलं. चौकटी लई झाल्यात की ओ त्र्यंबकराव, पाचात भागतंय, म्हणाला. याला माझ्या चौकटी मोजायचं कारण? मनात पाल चुकचुकली. नऊ केल्या. मोज म्हणावं आता.
वर चहा पाजला. का पाजला?

६ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी
पट्टी जागेवर नाही. सगळं ऑफिस पालथं घातलं. माझ्याच पिशवीत निघाली. तिथं कुणी ठेवली?
एक नामी युक्ती सुचली. चोरासाठी खोटा चार्ट काढायचा. सगळं तसंच, फक्त एक विहीर जास्त, आणि विहिरीकडून बाण थेट दुधाच्या कॅनमध्ये. चोरून हा दाखवला की चेअरमन मंडळी हंबीररावाला सभेतच धरतील. दुधात पाणी म्हटलं की आपल्याकडे माणसं बाह्या सरसावतात.

८ फेब्रुवारी, सोमवार
दोन्ही चार्ट तयार. खोटाच जरा जास्त सुबक आला. विहीर मला छान जमते.
आणखी एक खबरदारी घेतली. गुंडाळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. खऱ्यावर लिहिलं 'खोटा', खोट्यावर 'खरा'. चोर 'खरा' उचलणार आणि फसणार! प्रमोदिनीला सांगितलं. तुमच्या लक्षात राहील ना, म्हणाली. बायकोचाच विश्वास नाही, तर परक्यांचं काय.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
मध्येच राधानगरीला तपासणीला पाठवलं. मला गावातून हलवण्यात कुणाचा हात? आज एसटीतून उतरलो तर अंग नुसतं आंबलेलं. लगेच निरोप : फिल्म धुवायला पुण्याला जाते, फोटोवाला खोळंबलाय, चार्ट आत्ता द्या. हंबीरराव म्हणाला, आणा हिकडं, म्या देतो. वा रे वा! स्वतः गेलो. स्वच्छ 'खरा' लिहिलेली गुंडाळी फोटोवाल्याच्या हातात ठेवली. दुसरी आंघोळीच्या बंबात घातली. मागे काही ठेवायलाच नको.

२२ फेब्रुवारी, सोमवार
स्लाईड आली. पोस्टाच्या तिकिटाएवढी. खिडकीशी धरून पाहिली. म्हैस सुलटी आहे. हंबीरराव म्हणाला, एकदा पडद्यावर लावून बघूया की. बघूया? म्हणजे याला आधी बघायचीय! साफ नाही म्हणालो.

२४ फेब्रुवारी, बुधवार
सभा. दिवे घालवले. पडदाभर म्हैस, आणि शेजारी विहीर.
राधानगरीकडचे चेअरमन आकाराम पाटील उठले. ओ पावणं, आमी दुधात पाणी घालतोय व्हय, असं गरजले. मग सगळेच उठले. चार्ट इतका स्पष्ट होता की शेवटच्या रांगेलाही बाण कळला. मी काय बोललो, देव जाणे.
तेवढ्यात हंबीरराव पुढं झाला. म्हणाला, पाटील, बसा की. त्ये पाणी कॅन धुवायचं हाय, दूध भरायच्या आदी. मंडळी हसली, बसली. मग त्यानं हाताच्या पाच बोटांवर दूध म्हशीपासून पातेल्यापर्यंत नेलं. टाळ्या.
मला वाचवण्यात त्याचा काय डाव असेल?

२७ फेब्रुवारी, शनिवार
प्रचार अधिकारी हंबीरराव. मी म्हणत नव्हतो? पंखा त्याच्या डोक्यावर फिरतोय. फार लागलं मनाला. जेवलो नाही.
प्रमोदिनीला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, 'खरा' लिहिलेला चोरानं उचलायचा होता ना? मग उचलला कुणी?
सापळा मात्र पक्का होता, हे कुणीच म्हणत नाही.