दिवाळीत कसला उपास

आये, तू दिवाळीच्या बाजाराचा फेरा एकच का करायचीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. लहानपणी वाटायचं, आपल्या मुर्ध्याहून भाईंदरचा बाजार लांब, डोक्यावर ओझं, पायाखाली चिखल, म्हणून तू पुन्हा जात नसशील. पण भाजी विकायला तू त्याच बाजारात एक दिवसाआड जायचीस. पडवळ, शिराळी, तवशी, बांधावर जे पिकेल ते पाटीत घालून पहाटे निघायचीस आणि उन्हं चढायच्या आत रिकामी पाटी घेऊन परत यायचीस. वाण्याचं दुकान त्याच वाटेवर. तरी दिवाळीचं वाणसामान म्हणून तू एकदाच आणायचीस, आणि जे आलं ती आमची दिवाळी. नंतर तेल कमी पडलं तर करंज्या कमी तळायच्या, गूळ संपला तर लाडू वळायचे थांबायचं, पण दुसरा फेरा नाही. आता या वयात, स्वतःचा एवढा संसार करून झाल्यावर, मला त्याचं कुतूहल वाटतं. तुला हे कुणी शिकवलं? तुझ्या आईने? की कधीतरी दुसरा फेरा करून तू पस्तावली होतीस?

एवढं मात्र मला कळतं, की आपली दिवाळी अडचणीच्या दिवसांत यायची. पावसात मिठागरं पाण्याखाली, बाबांचं काम बंद. दिवाळी झाल्यावर आगराचे बांध नीट करायचे, मग खाडीचं पाणी आत घ्यायचं, मग कुठे मजुरी सुरू व्हायची. म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे सगळे सण तुझ्या भाजीवर. आगराचा मालक उचल द्यायला तयार असायचा, पण तू बाबांना त्याच्या दारात जाऊ दिलं नाहीस.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी आली ती लढाईच्या दिवसांत. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर, आणि वर त्या पावसाळ्यात खाडीचं खारं पाणी बांध फोडून आपल्या शेतात शिरलं होतं. अर्धं भात पिवळं पडून गेलं. हे सगळं मला नायगावला सासरी निरोपानिरोपाने कळलं होतं, पण सतरा वर्षांच्या मुलीला कळणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. माझ्या डोक्यात एकच होतं, की तुझे जावई दिवाळसणाला पहिल्यांदा येणार. ते रेल्वेच्या मालगोदामात नोकरीला, महिन्याच्या महिन्याला पगार, घरात सासूबाईंच्या हाताला साखर कधी कमी नाही. आणि मी घरी येऊन पाहते तर चुलीशेजारी सुपात तुझा बाजार मांडलेला. गूळ, थोडा रवा, तेलाची अर्धी बाटली, आणि कागदाच्या पुडीत साखर, ती पुडी माझ्या मुठीत मावली असती.

"आये, येवरीच साखर?"

"येवरीच."

"नि जावई येनार हाय तं?"

"म्हनून तं येवरी हाय," तू मान वर न करता म्हणालीस. "न्हाय तं गुलाच्याच करनार व्हते."

 मला तुझी लाज वाटली, आये. तुझ्या सुपाची, तुझ्या त्या पुडीची. दुसऱ्या दिवशी तू पाटी घेऊन गेलीस, बाबा बांधावर गेले, तेव्हा मी तांदळाच्या डेऱ्यातून पायलीभर तांदूळ काढले, फडक्यात बांधले आणि आडवाटेने भाईंदरला गेले. साखर म्हटल्यावर तो गुजराती वाणी आधी हातच हलवत होता. "खांड नाय, बेन. कार्डाचा होता तो तुझी आई घेऊन गेली." मी फडकं थोडं सोडून दाखवलं. त्याने चार दाणे तळहातावर घेतले, दाताखाली धरले, इकडेतिकडे पाहिलं आणि आत गेला. पैशाला जी साखर नव्हती ती तांदळाला होती. घरी आल्यावर मी तुला सांगितलं की सासूबाईंनी पाठवली, काल बोचक्यातून काढायची राहिली होती. तू पुडी हातात घेऊन वजन केल्यासारखी तोललीस. माझ्याकडे पाहिलंस. "बरी मानसं हाईत," एवढंच म्हणालीस.

त्या करंज्या मला अजून आठवतात. ओलं खोबरं आपल्या माडाचं, साखर पांढरीशुभ्र, आणि कडेला तुझी ती बारीक मुरड, दोरी वळल्यासारखी. तुझे जावई आले, उटणं झालं, पाटावर बसले. एक खाल्ली, दुसरी घेतली, आणि म्हणाले, "मामी, आमच्याकडे अशी होत नाही." मी दाराआड उभी.  मला वाटलं, मी केलं हे. मी घराची लाज राखली.

पाडव्याला तू जेवायला बसली नाहीस. उपास म्हणालीस. आमची पानं वाढून झाली की चुलीशी बसून उकडलेले करांद्याचे कंद सोलून खायचीस, वर पाणी. मी विचारलं, दिवाळीत कसला उपास? तू म्हणालीस, नवस हाय. भाऊबिजेलाही तेच. मला काही वाटलं नाही, नवस तू पुष्कळ बोलायचीस. पण तुझे जावई गोदामातले, दिवसभर पोती आत किती आली आणि बाहेर किती गेली ते पाहणारे. त्यांनी मला ओटीवर गाठून विचारलं, "तुझ्या आईचा हा उपास कुठल्या देवाचा?" मी म्हटलं, असेल कुठल्यातरी. तिथे माझी धाकटी बहीण खेळत होती, नऊ वर्षांची. ती खाली मान घालूनच म्हणाली, "देवाचा न्हाय. डेऱ्यातला तांदूल कमी झाला. आये रोज तांदूल काढून झाला का वर हात दाबून ठेवते. पंजा उमटतो. त्या दिवशी पंजा नव्हता."

मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणूनच मला कळलं की त्यांना सगळं कळलं, करंज्यांतली साखर कुठून आली तेसुद्धा. ते उठले आणि सरळ तुझ्या चुलीपाशी आत गेले. आपल्यात जावई असा आत जात नाही. तू डोक्यावरचा पदर सावरतेस, अर्धा करांदा हातात, आणि ते समोर उकिडवे बसतात.

"मामी, मला द्या."

"अवो पावनं, ह्ये काय! तुमचा पान वाढलाय भायेर."

"तुम्ही उपास करताय, मग मीपण करतोय. पहिल्या दिवाळीला जावयाचं ऐकतात म्हणे."

तू नको नको म्हणत राहिलीस. त्यांनी ताटलीतला एक करांदा उचलला, सोलायला गेले तर गरम, हातातल्या हातात उडवू लागले. आणि तू हसलीस. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. मी तुला तशी हसताना आधी पाहिलं नव्हतं. मग बाबा आत आले, धाकटी आली, आणि बाहेर वाढलेली पानं आत आणून तो भात आपण सगळ्यांनी वाटून खाल्ला, करांद्यांबरोबर. तुझ्या पानातही त्यांनी वाढायला लावला.

निघायच्या दिवशी तू मला विहिरीवर घेऊन गेलीस. मला वाटलं, आता खोटं बोलल्याबद्दल बोलशील. तू कळशी काठावर ठेवलीस आणि म्हणालीस, "साखर आनलीस त्याचा मना काय न्हाय. जावयाला गोड घालावासा तुना वाटला, वाटनारच. पन इचारला असतास तं सगल्यांच्या वाट्यातला थोरा थोरा काढला असता, कोनाला कललाबी नसता. न इचारता नेलास, मंग माज्या एकटीचाच वाटा उरला काढाला." मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडतेस कशाला? आगर उघडंपावेतो तांदूल पुरल आता," आणि कळशी माझ्या कमरेवर दिलीस.

आये, तुझं ते 'इचारला असतास तं' मी माझ्या मुलींना सांगितलं, सुनांना सांगितलं. सण आला की मी सगळ्यांना बसवून विचारायची, काय हवं, काय नको. घरात सगळे मला मानतात त्यासाठी. पण तू आता नाहीस, हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी गोदामातली यांची नोकरी काही महिने बंद पडली. दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला, आणि दिवाळी आली. मी कुणाला बसवून विचारलं नाही. सगळ्यांची पानं वाढायची, आणि मला गोड सोसत नाही, माझं पोट बरं नाही, आज माझा उपास, असं म्हणत आठ दिवस काढले. ज्याने तुझा उपास दोन दिवसांत ओळखला, त्याला माझा ओळखता आला नाही. त्या दिवसांत ते खाली मान घालून जेवायचे आणि उठून जायचे.

तुलाही असं वाटलं होतं का ग, चुलीशी बसलेली असताना, की कुणीतरी येऊन विचारावं? की तुला खरोखरच फक्त तांदूळ पुरवायचा होता? मला हे फार जाणून घ्यायचं होतं. कारण त्या आठ दिवसांत मला नुसतं पुरवायचं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसून, त्यांना दिसेल अशी, रिकामी ताटली मुद्दाम पुसून ठेवायची.