हाडांचा सर्जन दहा तारखेला येणार

१८ ऑक्टोबर १९३७, सोमवार. संध्याकाळी सहा.

आजपासून रोजनिशी इंग्रजी तारखेने. अख्खी भालकी सरकारच्या फसली महिन्यांवर चालते, आजूर काय नि दै काय, सगळी फारसी नावं. शाळेत मी फारसी शिकवतो म्हणून घरीही तेच गिरवावं असं नाही. माणसाने मॉडर्न असावं.

सायकलही त्यासाठीच घेतली. वय सत्तेचाळीस, पण थिअरी पक्की होती. कचेरीच्या उतारावर थिअरी बरोबर चालली, ब्रेक चालला नाही. डाव्या मनगटाला किरकोळ मार.

१९ ऑक्टोबर.

मनगट उपड्या पळीसारखं दिसतंय. सूज असावी. सरकारी दवाखान्यात अंबाजी कंपाउंडर एकटाच होता. फ्रॅक्चर आहे म्हणाला. त्याच्याकडे क्विनीन आणि टिंक्चर मिळतं, हाडांचं काही नाही. त्याचे आभार मानले, घरी आलो, शाळेतली फूटपट्टी मनगटाखाली घेतली आणि धोतराच्या फडक्याने आवळून बांधली. भूमितीच्या दृष्टीने अचूक.

आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे गुरुबाईचं म्हणणं, निंगप्पाकडे जा. निंगप्पा धनगर आहे. मेंढरांची मोडलेली हाडं बसवतो, माणसांचीही बसवतो म्हणे. मी म्हटलं, मी मेंढरू नव्हे.

"मेंढरू पडल्यावर गुमान बसतंय तरी," ती म्हणाली.

याकडे दुर्लक्ष केलं.

२० ऑक्टोबर. सकाळी.

आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने विभूती लावायची, पत्री वाहायची. त्याशिवाय पाणीसुद्धा नाही. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून एका दिवसाचा खंड नव्हता. आज तळहात वर वळेना. लिंग गळ्यातच राहू दिलं, उजव्या हाताने स्पर्श केला आणि भाकरी खाल्ली. वडील असते तर खाऊ दिली नसती.

ही तात्पुरती व्यवस्था आहे. कार्तिकातल्या पहिल्या सोमवारी, आठ नोव्हेंबरला, लिंग पुन्हा तळहातावर. निश्चय. खाली दोन रेघा मारल्या.

२२ ऑक्टोबर.

भालकीपासून खटकचिंचोळी, मुडबीपर्यंत हाडांचा सर्जन नाही. चौकशी पूर्ण केली. तेव्हा बिदर, गुलबर्गा आणि सोलापूर, तिन्हीकडे पत्रं टाकली. उजवा हात शाबूत राहिला ही देवाचीच योजना.

निंगप्पाची पद्धत कळली. तो कुणाच्या घरी जात नाही, कुणाला ये म्हणत नाही. ज्याचं मोडलं त्याने स्वतः जायचं आणि दोन माणसांसमोर तोंडाने म्हणायचं, हाड तुझ्या हाती दिलं. तेवढं म्हटल्याशिवाय तो बोट लावत नाही. पंधरा दिवसांच्या आत जायचं, नंतर हाड ऐकत नाही असा त्याचा समज.

तहसीलदारसाहेबांना फारसी कवितांचा दिवाण वाचायला मी शिकवलं. मी धनगराला दोन माणसांदेखत हे म्हणायचं. अभिमानाचा प्रश्न नाही. शिस्तीचा आहे.

२४ ऑक्टोबर.

मूळ अडचण आज सापडली. निंगप्पा अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ लावून बांबूच्या कामट्या बांधतो. लिंगायताच्या अंगाला अंडं! गुरुबाईला शांतपणे समजावून सांगितलं. प्रश्न मिटला.

२५ ऑक्टोबर.

गुरुबाई म्हणते, आपल्या लोकांना तो बाभळीचा डिंक लावतो. हिला कुठून कळलं विचारलं तर आडावर कळलं म्हणाली.

डिंकाने खाज सुटते असं ऐकून आहे.

२७ ऑक्टोबर.

झोप नाही. घरामागच्या रानात निंगप्पाची मेंढरं बसवलेली आहेत, पहाटेपासून ओरडतात. दसरा होऊन गेला, बाकीच्यांचे कळप केव्हाच मांजरा नदीच्या काठी गेले. हा अजून इथेच. धाबळी पांघरून दिवसभर बांधावर बसतो आणि आमच्या मागच्या दाराकडे बघत राहतो. अशा आळशी माणसाच्या हाती हाड द्यायचं!

३० ऑक्टोबर.

चांगली बातमी. दुखणं थांबलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पूर्ण शांत आहेत. चिमटा काढून पाहिला, कळलासुद्धा नाही. अंबाजी रस्त्यात भेटला. पट्टी सैल करा, बोटं बधिर पडायलीत म्हणाला. बिचारा कंपाउंडर आहे.

शाळेत मुलांनी विचारलं, मास्तर दुखतंय का. नाही म्हटलं. खरंच दुखत नाही. काहीच वाटत नाही.

२ नोव्हेंबर.

सकाळी उठलो तर रान मोकळं. मेंढरं गेली. एकदाची शांतता.

गुरुबाई मागच्या पायरीवर बराच वेळ बसून होती. काय झालं विचारलं. काही न्हाई म्हणाली. आज पंधरावा दिवस, एवढं म्हणाली आणि चुलीकडे गेली.

४ नोव्हेंबर.

शेवटी प्रयत्नाला यश! बिदरहून उत्तर आलं, उर्दूत. 'जनाब रेवणसिद्धप्पा, मुदर्रिस', म्हणजे मास्तर, अशी सुरुवात आहे. हैदराबादेहून हाडांचे मोठे सर्जन दहा तारखेला जिल्ह्याच्या दवाखान्यात येतील, रुग्णाने हजर राहावं. पत्र गुरुबाईला दोनदा वाचून दाखवलं. इतरांनी धीर सोडला असता.

तिने विचारलं, "कोन्ती दहा?"

हसू आलं. उर्दू कागद, सरकारी शिक्का, म्हणजे तारीख फसलीच. दै महिन्याची दहा, म्हणजे इंग्रजी चौदा. हे गणित भालकीत तीन माणसांना येतं, त्यातला एक मी. ती म्हणाली, दोन्ही दिवशी जाऊन बसावं. बायकांना गणितावर विश्वास नसतो.

८ नोव्हेंबर, सोमवार.

कार्तिकातला पहिला सोमवार. पट्टी सोडली. तळहात वळला नाही. हरकत नाही, सर्जनच्या आधी वळणं योग्यही नव्हतं. निश्चय दुसऱ्या सोमवारावर, पंधरा तारखेवर नेला. एकच रेघ मारली.

१४ नोव्हेंबर, रविवार. बिदर. दुपारी तीन.

मोटारीने आलो. गुरुबाईने शिदोरी दिली होती. दवाखान्याच्या ओसरीवर कुणी नव्हतं. एक कारकून वामकुक्षी घेत होता, त्याला उठवलं.

सर्जन बुधवारी येऊन गेले. बुधवारी दहा नोव्हेंबर होती. साहेब इंग्रजांच्या छावणीतले आहेत, ते इंग्रजी तारखेनेच चालतात, असं कारकून म्हणाला. सूर्य मावळेपर्यंत बसले होते, शेवटी कुणी राहिलं का म्हणून नावं पुकारली, माझंही पुकारलं. आता परत उन्हाळ्यानंतर येतील.

घरी इंग्रजी तारीख ठेवत नाही का, असं त्याने विचारलं. ही वही खिशातच होती.

शिदोरी तिथेच ओसरीवर खाल्ली. पोळीची चव लागली नाही.

१५ नोव्हेंबर, सोमवार.

शाळेत गेलो. शिकवलं. परत आलो. रेघ नाही.

२० नोव्हेंबर.

गुरुबाईने गाडी जुंपायला सांगितली. कुठे जायचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मांजरेकाठी निंगप्पाचा तळ होता. तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. काटा निघेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

मग गुरुबाई आणि गाडीवान, दोघांसमोर मी म्हटलं, "हाड तुझ्या हाती दिलं." म्हणायला अवघड गेलं नाही. दोन श्वासांचंही काम नव्हतं.

त्याने हात धुतले, माझा हात मांडीवर घेतला, डोळे मिटून चाचपला. खूप वेळ. त्याची बोटं फिरताना दिसत होती.

"हाड बसलंय, मास्तर," तो म्हणाला. "वाकडं बसलंय, पन बसलंय. सरळ करायचं तर मोडावं लागंल. मोडायचं काम म्या करत न्हाई."

तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. आवाज जरा चढला असावा, मेंढरं सरकली.

"म्या कसा बलवू? बाई तिसऱ्या दिवशीच येऊन गेल्या. त्येंनी म्हणून चालत न्हाई, ज्येचं त्येनं म्हणावं लागतंय. पंधरा दिस मेंढरं हलवली न्हाईत म्या. मास्तर आज येतील, उद्या येतील. चारा सरला तवा निघालो."

कळपातली दोन कोकरं त्या रानात चाऱ्यावाचून गेली. हे तो बोलला नाही. परत येताना गाडीवानाने सांगितलं.

गुरुबाई गाडीत माझ्याकडे न बघता बसली होती. तिसऱ्या दिवशी गेली होतीस, मला बोलली नाहीस, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तुमी पत्रं लिवायलाव. मी कामून बोलू?"

२३ नोव्हेंबर.

सायकल शाळेच्या ओसरीवर उभी करून आलो. ज्याला हवी त्याने न्यावी.

माझी चूक झाली. लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाची नव्हती.

२९ नोव्हेंबर. कार्तिकातला शेवटचा सोमवार.

आज लिंग हातात घेऊन बसलो. तळहात अर्धाच वळतो, उतार राहतो. लिंग घसरलं. उजव्या हाताने धरलं. परत ठेवलं, परत घसरलं. उजव्या हाताने धरून ठेवावं तर पत्री वाहायला हात उरत नाही.

गुरुबाई तिची पूजा उरकून समोर बसली होती. उठून बाजूला आली. माझं कोपर एका हाताने उचललं, दुसरा तळहात मनगटाखाली लावला आणि हळूच वर रेटला. माझा हात सपाट झाला. लिंग राहिलं. मी विभूती लावली, पत्री वाहिली. शेवटपर्यंत ती तशीच बसून होती. हात भरून आला असेल, पण हलली नाही.

बोटांना काही कळलं नाही. मनगटाच्या वर कळत होतं, तिचा हात गरम होता.

पाणी प्यालो. एकेचाळीस दिवसांनी पूजेनंतरचं पाणी.

उद्याही तिचा हात लागेल. परवाही. आज ती आपणहून आली. रोज तसं चालणार नाही, ज्याचं त्याने म्हणावं लागतं.

दिवे लागले. ती चुलीपाशी आहे. अजून म्हटलं नाही.